पंचवीस एकरांना एक घर

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या माणसाला टीडीआर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. चार मजल्यांची सोसायटी पाडून तिथे सोळा मजले उभे राहताना तो हा शब्द मीटिंगांमध्ये इतक्या वेळा ऐकतो की, हे काहीतरी बिल्डरांच्या सोयीचे असणार, अशी त्याची खूणगाठ बसलेली असते. ती सर्वस्वी चूक आहे असेही नाही. पण याच टीडीआरने, म्हणजे विकास हक्कांच्या हस्तांतराने, अमेरिकेतल्या एका जिल्ह्यात नेमके उलटे काम केले. तिथे त्याचा वापर इमारती वाढवण्यापेक्षा शेते वाचवण्यासाठी झाला. मुंबईत हे हत्यार १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीबरोबर आले. त्या जिल्ह्यात ते त्याआधी दहा वर्षे चालू होते. हत्यार तेच असताना फळ वेगळे का आले, हे पाहायचे तर तो जिल्हा चालतो कसा, इथून सुरुवात करावी लागते.

मेरीलँड राज्यातली माँटगोमेरी काउंटी अमेरिकेच्या राजधानीला वायव्येकडून खेटून आहे. रॉकव्हिल हे तिचे मुख्यालय. ‘काउंटी’ला आपण सवयीने ‘जिल्हा’ म्हणतो, पण या शब्दाने आपल्या डोळ्यांपुढे उभा राहणारा कलेक्टर तिथे नाही. १९४८ साली या काउंटीने स्वतःची सनद स्वीकारली. मेरीलँडमध्ये असे करणारी ती पहिली. आज मतदारांनी निवडलेला एक कार्यकारी प्रमुख आणि अकरा जणांची परिषद मिळून कारभार पाहतात. घरपट्टीचा दर परिषद ठरवते. राज्याच्या आयकराच्या जोडीने काउंटीचा स्वतःचा आयकर आहे, त्याचा दर ३.२ टक्के. कार्यकारी प्रमुखाने १५ मार्चपर्यंत अंदाजपत्रक मांडायचे आणि परिषदेने १ जूनपर्यंत ते मंजूर करायचे, अशी सनदेत तारखेनिशी सोय आहे. त्या पैशांतला जवळपास अर्धा भाग शाळांवर जातो. रस्ते, शाळांच्या इमारती, ग्रंथालये यांचा सहा वर्षांचा भांडवली कार्यक्रम वेगळा असतो. आणि कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल, याचा शेवटचा निर्णयही याच परिषदेचा.

हा शेवटचा मुद्दा वाचकाने ध्यानात ठेवावा. जमिनीचा वापर ठरवणारे, तिथे रस्ता आणि शाळा देणारे आणि त्यासाठी कर लावणारे हात एकच आहेत. आपल्याकडे जिल्हा नियोजन समिती घटनेच्या २४३ झेडडी कलमाने आली, १९९८ च्या कायद्याने महाराष्ट्रात तिला रूप मिळाले, पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. पण तिचे काम मुख्यतः वार्षिक निधीच्या वाटपाचे. जमिनीचा प्रादेशिक आराखडा १९६६ च्या नगररचना कायद्याखाली होतो आणि त्यावर अखेरची मोहोर राज्य सरकारची असते. जिल्हा परिषद तर या दोन्हींच्या कडेला उभी. एकाने जमीन पिवळी रंगवायची, दुसऱ्याने रस्त्याला पैसे नाहीत म्हणायचे, आणि तिसऱ्याने टँकर पाठवायचा, हा आपला परिचित खेळ या रचनेतून निघतो.

माँटगोमेरीची लोकसंख्या १९५० साली १ लाख ६४ हजार होती. दहा वर्षांत ती ३ लाख ४१ हजारांवर गेली. युद्धानंतरच्या वॉशिंग्टनमधला सरकारी नोकर, त्याची गाडी आणि त्याचे अंगण असलेले घर, यांनी शेते गिळायला सुरुवात केली होती. तेव्हा काउंटीच्या नियोजनसंस्थेने (ही संस्था शेजारच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीबरोबर सामाईक आहे आणि तिची स्थापना १९२७ ची) १९६४ साली दीर्घ पल्ल्याचा सर्वसाधारण आराखडा आणला. त्याची कल्पना एका वाक्यात मावते: वाढ मोठ्या रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या पट्ट्यांत दाट होऊ द्यायची, आणि दोन पट्ट्यांमधली पाचर हिरवी ठेवायची. कोपनहेगनने १९४७ साली हाताच्या बोटांसारखा आराखडा केला होता, त्याचेच हे भावंड. आज आय-२७० नावाने ओळखला जाणारा महामार्ग हा माँटगोमेरीचा मुख्य पट्टा ठरला. गेदर्सबर्ग, जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग ही गावे त्यावरची. आपल्यापैकी अनेकांचे भाचे-पुतणे आज तिकडेच राहतात.

नकाशावर पाचर हिरवी रंगवणे सोपे असते. प्रश्न तिच्या मालकाचा असतो. पाचरीत राहणाऱ्या शेतकऱ्याला तेव्हा दोन एकरांना एक घर बांधण्याची मुभा होती. शंभर एकरांच्या शेतात पन्नास घरे. तो ती बांधत नसला तरी बँक त्याला कर्ज देताना तोच हिशेब धरी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काउंटीने ही मर्यादा पाच एकरांना एक घर अशी केली. हेतू चांगला होता, परिणाम वाईट झाला. पाच एकरांचा तुकडा शेतीला लहान आणि हिरवळ कापायला मोठा. शहरातल्या पैसेवाल्याला मात्र घोडा बांधायला अगदी बेताचा. शेते मोडतच राहिली, फक्त जास्त ऐसपैस मोडू लागली. आपल्याकडे १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा असूनही गुंठेवारी फोफावली. तिथे कायद्यानेच ठरवलेला तुकडा चुकीच्या मापाचा निघाला. जमिनीच्या किमान मापाचा आणि शेती टिकण्याचा संबंध वाटतो तितका सरळ नाही, हे दोन्हीकडे दिसले.

यावरचा तोडगा १९८० साली निघाला. त्या वेळी नियोजन मंडळाचे अध्यक्ष रॉइस हॅन्सन होते. पेशाने ते राज्यशास्त्राचे अभ्यासक. पुढे २०१७ मध्ये त्यांनी या काउंटीच्या नियोजनाच्या राजकारणावर ‘सबर्ब’ हा ग्रंथ लिहिला. शेती आणि ग्रामीण मोकळी जागा राखण्याचा जो आराखडा त्यांच्या काळात मंजूर झाला, त्याने सुमारे ९३ हजार एकरांचे, म्हणजे काउंटीच्या जवळजवळ एकतृतीयांश भूमीचे, कृषी राखीव क्षेत्र आखले. चौरस किलोमीटरमध्ये हे ३७६ च्या आसपास भरते. बृहन्मुंबईपेक्षा थोडेच कमी. या क्षेत्रातल्या बहुतेक जमिनीवर मर्यादा घातली गेली ती पंचवीस एकरांना एक घर.

इथवरचा निर्णय कुठलेही सरकार एका अधिसूचनेने घेऊ शकते, आणि कुठलाही शेतकरी त्याला लूट म्हणेल. शंभर एकरवाल्याला काल वीस घरे बांधता येत होती, आज चारच. उरलेल्या सोळा घरांचे काय? तुमच्या डोळ्यांना हिरवे दिसावे म्हणून माझ्या म्हातारपणाची पुंजी का जावी? हा सवाल रास्त आहे. मला तर वाटते, हरित पट्ट्यावरची कुठलीही चर्चा या सवालापासून सुरू झाली नाही तर तिला अर्थ नाही. आपल्या शहरांभोवतालच्या ‘ना विकास’ क्षेत्रांचे वाटोळे याच कारणाने झाले. मालकाला काहीच द्यायचे नाही म्हटल्यावर त्याच्यापुढे दोन वाटा राहतात: मंत्रालयात जाऊन झोन बदलून आणायचा, नाहीतर रातोरात प्लॉट पाडायचे.

माँटगोमेरीने त्या सोळा घरांना कागदावर जिवंत ठेवले. घर बांधण्याची मुभा पंचवीस एकरांना एक, पण विकता येईल असा हक्क मात्र जुन्याच हिशेबाने, पाच एकरांना एक. शंभर एकरांचे वीस हक्क. त्यांतले चार स्वतःच्या चार घरांसाठी राखून शेतकरी सोळा हक्क बाजारात विकू शकतो. (प्रत्यक्षात शेतावर आधीपासून असलेले घर वजा होते, इथे हिशेब सोपा केला आहे.) ते विकत घेतो बिल्डर. समजा, त्याच्या शहराजवळच्या भूखंडावर नियमाने चाळीस घरे बसतात, पण आराखड्याने ती जागा ‘हक्क घेणारी’ ठरवलेली असल्याने तो सोळा हक्क आणून छप्पन बांधू शकतो. किंमत दोघे आपसांत ठरवतात. काउंटीच्या तिजोरीतून पैसा जात नाही. हक्क विकला की जमिनीच्या दप्तरात कायमचा बोजा नोंदवला जातो. मालक बदलला, पिढी बदलली तरी तो उतरत नाही. सातबाऱ्यावरच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात कधीही पुसता न येणारी ओळ पडावी, तसे. या मार्गाने आजवर पन्नास हजारांहून अधिक एकर बांधले गेले आहेत.

कायद्याची भीती होतीच. जमिनीचा मोबदला न देता ती सरकारने घेण्याला अमेरिकेच्या घटनेची बंदी आहे, आणि वापरावर फार मोठे निर्बंध घालणे म्हणजे घेणेच, असा युक्तिवाद करता येतो. पण १९७८ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्बंधाच्या बाजूने निकाल देताना, मालकाला शेजारच्या भूखंडांवर नेता येणाऱ्या बांधकाम हक्कांमुळे त्याचा भार हलका होतो, हेही लक्षात घेतले होते. माँटगोमेरीच्या नियोजकांना तेवढा आधार पुरला. पुढे १९८७ मध्ये मेरीलँडच्या वरिष्ठ न्यायालयाने एक फटका दिला, तो शेतांच्या बाजूचा नव्हे तर शहरांच्या बाजूचा होता: हक्क घेणाऱ्या जागांची घनता आराखड्यात लिहून चालणार नाही, ती रीतसर झोनिंग करून, नोटीस आणि सुनावणी देऊनच ठरली पाहिजे. परिषदेने ती प्रक्रिया पुन्हा केली. खटला लढवला होता तो रहिवाशांच्या संघटनेने. शेत वाचावे असे सगळ्यांनाच वाटते. त्या शेताची घरे आपल्या गल्लीत यावीत असे कोणालाच वाटत नाही.

एक गोष्ट या चर्चेत नेहमी मागे पडते, ती म्हणजे सांडपाण्याची वाहिनी. १९७० साली सांडपाणी प्रक्रियेची क्षमता अपुरी पडली म्हणून मेरीलँड राज्याने या भागात नव्या जोडण्यांवर बंदी घातली होती. त्यातून काउंटी शिकली की, वाढ कुठे होणार हे नकाशाच्या रंगापेक्षा जमिनीखालचा पाइप ठरवतो. राखीव क्षेत्रात सार्वजनिक मलवाहिनी न्यायची नाही, हे धोरण तिने निष्ठेने पाळले आहे. तिथे घर बांधायचे तर सेप्टिक टाकी, आणि त्यासाठी माती पाणी पुरेसे शोषते की नाही याची चाचणी. अनेक तुकडे या चाचणीतच नापास होतात. पुणे किंवा नाशिकभोवतीच्या गावांत आपण आधी इमारती होऊ देतो, मग ड्रेनेजसाठी मोर्चा काढतो. इथे क्रम उलटा आहे.

मुंबईशी तुलना आता करता येईल. मुंबईत टीडीआरचा पहिला हेतू होता बागा, शाळा, रस्ते यांसाठी आरक्षित जमीन रोख पैसे न देता ताब्यात घेणे. मालकाने जमीन द्यायची आणि विकास हक्क प्रमाणपत्र घ्यायचे. पुढे झोपडपट्टी पुनर्वसनातूनही हक्क निघू लागले. १९९१ च्या नियमांनी हे हक्क बेट शहरात वापरायला बंदी होती, त्यामुळे ते उत्तरेकडे सरकत गेले आणि बहुतेक उपनगरांत कुठेही उतरू लागले. हक्क कुठून निघतो, याचा विचार झाला होता. तो जिथे उतरेल तिथल्या पाण्याचा, रस्त्याचा, शाळेच्या बाकांचा हिशेब मात्र हक्काबरोबर बांधलेला नव्हता. माँटगोमेरीत १९७३ पासूनच नवी वसाहत मंजूर करताना सार्वजनिक सुविधा पुरेशा आहेत का, हे तपासण्याचा कायदा आहे. त्या तपासणीचे निकष दर चार वर्षांनी परिषदेपुढे येतात आणि त्यावर तिथे कडाक्याचे वाद होतात.

म्हणून तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. पंचवीस एकरांवरचे ते एक घर बांधण्याचा हक्क पुढे सर्वांत महाग ठरला, कारण श्रीमंताला निसर्गातला बंगला हवाच असतो. तो हक्क विकत घेऊन विझवण्यासाठी काउंटीला वेगळी योजना काढावी लागली. १९८१ च्या आधीपासून जमीन असलेल्या मालकाला प्रत्येक मुलासाठी एक घर बांधण्याची सवलत दिली होती. तिचा उपयोग मुलांच्या नावे प्लॉट पाडून विकण्यासाठी होऊ लागला, तेव्हा ती आवळावी लागली. (वारस आणि वाटणी हा विषय कुठल्याच देशात कायद्याला सुखाने बसू देत नाही.) राखीव क्षेत्रात पाचशेहून अधिक शेते आहेत, पण पीक मुख्यतः मका, सोयाबीन आणि गवत, घोड्यांचे तबेलेही पुष्कळ. शहराच्या ताटातली भाजी तिथून येते असे समजणे भाबडेपणाचे होईल.

सर्वांत गंभीर आक्षेप घरांच्या किमतीचा आहे. काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत १० लाख ६२ हजारांवर गेली. एकतृतीयांश जमीन बंद, आणि उरलेल्यातली बरीचशी एकेका कुटुंबाच्या स्वतंत्र बंगल्यांसाठी राखलेली. मग शिक्षिका, नर्स, बसचालक राहणार कुठे? अनेक जण राखीव क्षेत्राच्या पलीकडे फ्रेडरिक काउंटीत गेले आणि रोज सकाळी आय-२७० वरच्या रांगेत परत येतात. शेतांनी वाढ थांबवली नाही, काही प्रमाणात उडी मारून पलीकडे ढकलली. १९७४ पासून काउंटीत मोठ्या वसाहतींमध्ये ठरावीक टक्के घरे मध्यम उत्पन्नवाल्यांना परवडणाऱ्या दराने देण्याची सक्ती आहे. देशातल्या अशा पहिल्या कायद्यांपैकी तो एक. पण गंमत अशी की, त्या घरांच्या बदल्यात बिल्डरला जादा घनता बक्षीस मिळते, आणि ती फुकट मिळाल्यावर तो शेतकऱ्याचा हक्क विकत घ्यायला कशाला जाईल? दोन चांगली धोरणे एकाच गिऱ्हाइकासाठी भांडतात.

माझ्या मते खरी चूक शेते राखण्यात नव्हती. पाचर राखायची तर पट्टा खरोखर दाट व्हायला हवा, हा १९६४ च्या आराखड्याचा दुसरा अर्धा भाग होता. तो नेहमी अर्ध्या मनाने अमलात आला. मेट्रोची रेड लाइन १९८४ साली शेडी ग्रोव्हपर्यंत पोचली, तरी स्थानकांपासून दहा मिनिटांच्या अंतरावर बैठे बंगले तसेच राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये परिषदेने ‘थ्राइव्ह माँटगोमेरी २०५०’ हा नवा सर्वसाधारण आराखडा एकमताने मंजूर केला. मोठ्या रस्त्यांलगतच्या बंगल्यांच्या वस्त्यांत दोन-तीन-चार कुटुंबांची घरे होऊ द्यावीत, ही त्यातली वादाची सूचना. सुनावण्यांत लोक तावातावाने बोलले. त्याच महिन्यात नियोजन मंडळाच्या पाचही सदस्यांना, मंडळाच्या कारभारावरच्या वेगळ्याच वादातून, राजीनामे द्यावे लागले. आराखडा मात्र टिकला.

राखीव क्षेत्रावर आता दाब येतो तो वेगळ्या दिशेने. २०२१ साली परिषदेने तिथे सौर ऊर्जेच्या प्रकल्पांना सशर्त परवानगी दिली: एकूण १८०० एकरांच्या आत, प्रत्येक प्रकल्पाची स्वतंत्र सुनावणी, आणि सर्वांत सुपीक अशा पहिल्या दोन प्रतींच्या मातीवर अजिबात नाही. घराचा हक्क विकून टाकलेल्या शेतकऱ्याच्या कागदावर ‘इथे घर बांधणार नाही’ असे लिहिलेले आहे. सौर पट्ट्या घर नव्हेत. त्यांचे भाडे मक्याहून जास्त मिळते, आणि सुनावणीत त्यांच्या बाजूने व विरुद्ध उभे राहणाऱ्या दोन्ही रांगांत शेतकरी असतात.