आडोशाचा वारा

पश्चिमेचा वारा ताशी ३० किलोमीटरने सुटला आणि झाडांचे शेंडे डोलायला लागले, की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातले कितीतरी धनुर्धारी शिकारी घरीच थांबतात. बाण भरकटेल, ही त्यांची धास्ती. इतक्या वर्षांच्या नादानंतर माझं ठाम मत झालं आहे, की ही धास्ती भलत्याच गोष्टीची आहे. शिकारीच्या अंतरावर वारा बाणाला थोडासाच हलवतो. तो दूरवर नेतो तो माणसाचा वास, आणि पांढऱ्या शेपटीचं हरीण डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त भरवसा ठेवतं.

आधी बाणाचा हिशेब करू. आजच्या कंपाउंड धनुष्यातून बाण सेकंदाला साधारण २८० फूट वेगाने सुटतो. २० यार्ड म्हणजे ६० फूट जायला त्याला सेकंदाच्या पाचव्या हिश्शाहून किंचित जास्त वेळ लागतो. तेवढ्यात तसला आडवा वारा त्याला तीन-चार सेंटिमीटर ढकलतो. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग चांगला वीतभर असतो, त्यामुळे हे खपून जातं. पण अंतर दुप्पट झालं की सरकणं साधारण चौपट होतं, म्हणून ४० यार्डांवर हेच गणित उलटतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९११ साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ इशी हा ‘याही’ नावाच्या जमातीतला शेवटचा माणूस जगासमोर आला. त्याच्याकडून सॅक्स्टन पोप या सर्जनने धनुर्विद्या शिकून घेतली आणि १९२३ साली त्यावर पुस्तक लिहिलं. धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीसाठी स्वतंत्र हंगाम ठेवणारं पहिलं राज्य विस्कॉन्सिन, साल १९३४. मिसुरीच्या हॉलिस विल्बर ॲलन यांना चाकांच्या कंपाउंड धनुष्याचं पेटंट १९६९ साली मिळालं आणि हा छंद घरोघरी पोचला. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. अमेरिकेत मात्र या हरणांची संख्या अफाट आहे. पिकांचं नुकसान, मोटारींना होणारे अपघात हे तिथले रोजचे प्रश्न आहेत. तिथे शिकारीला परवाना लागतो, हंगाम ठरलेला असतो आणि मांस घरच्या फ्रीझरमध्ये जातं.

आता माझ्या आवडीच्या जागेकडे वळतो. विस्कॉन्सिनचा नैर्ऋत्य कोपरा हिमयुगातल्या हिमनद्यांच्या तडाख्यातून सुटला, म्हणून त्याला ड्रिफ्टलेस म्हणतात. आजूबाजूचा मुलूख हिमनद्यांनी घासूनपुसून काढलेला आणि हा तेवढा उभ्या कड्यांचा, अरुंद दऱ्यांचा. इथे वाऱ्याची दिशा विचारणाऱ्याला एक उत्तर कधीच मिळत नाही. माथ्यावर तो पश्चिमेचा असतो, तर पूर्वेच्या उतारावर चक्क खालून वर येतो. ओढ्यातल्या धोंड्याला वळसा घालून पाणी मागे उलटं फिरतं, तसाच वारा धारेवरून उडी मारून पलीकडे भोवऱ्यासारखा वळतो. त्यात उन्हाची भर पडते. सकाळी उतार तापला की हवा वर चढते आणि सूर्य कलला की गार होऊन दरीत उतरते.

नर हरणाला हे सगळं ठाऊक असतं. वाऱ्याच्या दिवशी तो आडोशाच्या उतारावर, वरच्या तिसऱ्या हिश्शात, धारेकडे पाठ करून बसतो. पाठीमागून कोणी आलं तर माथ्यावरचा वारा वास आणून देतो. खालून आलं तर डोळ्यांना दिसतं, शिवाय वर चढणारी हवाही सांगते. अशी जागा निवडणाऱ्या प्राण्याबद्दल मला नितांत आदर वाटतो. रिचलंड परगण्यातल्या एका शेतकऱ्याने मला त्याच्या रानातली अशी बसकण दाखवली होती. ओकच्या मुळाशी पानं दाबली गेली होती आणि तिथे उभं राहिल्यावर सबंध दरी नजरेत येत होती. मचाण कुठे बांधायचं, हे त्याने त्यानंतरच बोलायला घेतलं.

हवा नेमकी कुठे जाते, हे पाहण्याचं उत्तम साधन दुकानात मिळत नाही. पिचकारीच्या बाटलीतली पूड दोन-चार हातांवर दिसेनाशी होते. मिल्कवीडच्या शेंगेतला कापूस मात्र शंभर-दीडशे फुटांपर्यंत नजरेत राहतो. ही आपल्या रुईची नातलग. लहानपणी आपण ज्या म्हातारीमागे धावलो, अगदी तशीच म्हातारी इथेही उडते. मचाणावरून एक तंतू सोडावा आणि बघत राहावं. तो आधी पूर्वेला जातो, घळीवर पोचला की थबकतो, खाली उतरतो आणि कधी चक्क माघारी येतो. आपला वासही त्याच वाटेने जातो. या कापसाची आणखी एक कथा सांगायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धात जावाकडून येणारा कापोक, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस, जपानी आक्रमणामुळे बंद झाला. तेव्हा अमेरिकी शाळकरी मुलांनी रानोमाळ हिंडून मिल्कवीडच्या शेंगा पोत्यांनी गोळा केल्या आणि त्या कापसाने जीवरक्षक जाकिटं भरली गेली.

अंगाचा वास घालवणारे साबण, फवारे, कोळशाचे थर दिलेले कपडे यांचा बाजार मोठा आहे. माझा त्यांवर विश्वास नाही. वारा बघून जागा बदलणारा माणूस साध्या लोकरी कोटातही यशस्वी होतो.

वाऱ्यात हरणं हलतच नाहीत, हाही एक समज. पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी जीपीएस पट्टे बांधलेल्या हरणांच्या ऑक्टोबरमधल्या हालचाली तपासल्या, तेव्हा वाऱ्याच्या दिवसांत ती दिवसाउजेडी उलट जास्तच फिरलेली दिसली. वाऱ्याचा शिकाऱ्याला एक फायदाही आहे. दोरीचा आवाज ६० फुटांवर सेकंदाच्या विसाव्या हिश्शात पोचतो, म्हणजे बाणाच्या कितीतरी आधी. शांत संध्याकाळी हरीण तो ऐकून उडी घेण्यासाठी खाली दबतं आणि बाण पाठीवरून जातो किंवा भलत्या जागी लागतो. पानांच्या सळसळीत तो आवाज बुडून जातो.

बाणापेक्षा जास्त हलतो तो धनुर्धारी. मचाणाचं झाड डुलतं, धनुष्याला लावलेला भाता शिडासारखा वारा धरतो. म्हणून भाता काढून फांदीला टांगावा. बारीक काडीचा, वजनदार, आखूड पिसांचा बाण घ्यावा, कारण रुंद पात्याचा फाळ आणि मोठी पिसं यांना वारा जास्त लागतो. झोत ओसरेपर्यंत दोरी ओढूच नये. सुरक्षेचा पट्टा जमिनीवरूनच बांधून चढावं, आणि वाळक्या फांद्यांचं झाड कितीही सोयीचं असलं तरी सोडावं. बाण लागल्यानंतरचंही आधीच ठरवावं. उडती पानं रक्ताचा माग झाकून टाकतात, म्हणून हरीण शेवटचं कुठे दिसलं ती खूण झाडावरूनच पक्की करावी.

बाराबूजवळ विस्कॉन्सिन नदीकाठी आल्डो लिओपोल्ड यांची झोपडी आहे. १९३५ साली त्यांनी तिथली झिजलेली जमीन विकत घेतली. ती झोपडी पाहायला मी मुद्दाम गेलो होतो. निसर्गसंवर्धनाचे हे थोर लेखक स्वतःची धनुष्यं स्वतः घडवत, आणि त्यांची पत्नी एस्टेला राज्यातली विजेती धनुर्धारी होती. शिकाऱ्याच्या वागण्याला रानात कोणी प्रेक्षक नसतो, तिथे त्याची सदसद्विवेकबुद्धीच साक्षी, हे लिओपोल्ड यांचं म्हणणं मला वाऱ्याच्या दिवशी सगळ्यात जास्त पटतं. अशा दिवशी २० यार्डांपलीकडे बाण सोडू नये, हा नियम मोडला तर कोणालाच कळत नाही. कळतं ते जखमी हरणाला.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना मी एकच आग्रह करतो. वारा सुटला की लोक सरावाचं धनुष्य घरात ठेवतात, तुम्ही तेव्हाच बाहेर काढा. १५, २०, २५ यार्डांवर बाण सोडा, कुठे जातात ते मोजा आणि ज्या अंतरावर ते वीतभर जागेत राहत नाहीत, ते अंतर त्या हंगामापुरतं सोडून द्या.