समोरच्या काचेचा टवका: कुठलं काम घ्यायचं, कुठलं सोडायचं

व्हिडिओत टवका भरताना बघितला की काम सोपं वाटतं. किट आणायचं, रेझिन भरायचं, पैसे घ्यायचे. पण नवीन माणसाचे पैसे बुडतात ते नको ते काम घेतल्यामुळे.

आधी काच समजून घ्या. गाडीची समोरची काच म्हणजे दोन काचा आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ थर. डंपरमधली खडी उडून लागली की बहुतेक वेळा फक्त बाहेरची काच फुटते, म्हणून ती भरता येते. बाजूच्या काचा टफन्ड असतात. त्या फुटल्या की चुराच होतो, तिथे आपलं काम नाही.

आपण करतो काय, तर टवक्यातली हवा काढून तिथे रेझिन बसवतो. सुटे कण काढायचे, ओल सुकवायची, वर इंजेक्टर बसवायचा. व्हॅक्यूमने हवा ओढायची, मग दाबाने रेझिन ढकलायचं. हे आलटून पालटून करावं लागतं. घाई केली की बुडबुडा राहतो आणि तो चमकतो. सगळं सावलीत करा. रेझिन यूव्ही किरणांनी घट्ट होतं, उन्हात ते आत पोचायच्या आधीच धरतं. शेवटी जाड रेझिनचा थेंब, त्यावर फिल्म, यूव्ही दिवा, मग ब्लेडने खरवडून पॉलिश.

आता माझी चूक. दुकान नवीन होतं, तेव्हा काठापर्यंत गेलेला तडा मी भरायला घेतला. दाब दिला आणि तो डोळ्यांदेखत पुढे सरकला. नवी काच माझ्या खिशातून बसवून दिली, त्या महिन्याची कमाई त्यातच गेली. तेव्हापासून काठाला टेकलेला तडा, आतली काच फुटलेली गाडी आणि ड्रायव्हरच्या बरोबर नजरेसमोरचा टवका मी घेत नाही. कारण भरल्यावरही बारीक डाग राहतो आणि रात्री समोरून लाइट आली की तिथेच चमकतं. एक रुपयाच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा टवका बिनधास्त घ्या.

डाग राहणार, हे पैसे ठरवायच्या आधी बोटाने दाखवून सांगा. आधीचा फोटो काढून ठेवा. “गायब करून देतो” म्हणालात की भांडण ठरलेलं.

पावसाळ्यात फोन येतो, “दादा, रविवारी आणतो.” तेव्हाच सांगायचं, टवक्यावर बाहेरून पारदर्शक चिकटपट्टी लावा आणि तापलेल्या काचेवर एसीचा झोत सोडू नका. आत चिखल गेला की रेझिन नीट धरत नाही, आणि निम्मा वेळ नुसता साफ करण्यात जातो.