पेशींचे दप्तर

जयपूरच्या खातीपुऱ्यात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी कुटुंबातील मुलास अस्थिमज्जारोपणाची गरज पडली, तर सख्ख्या भावंडाशी त्याची 'एचएलए' जनुके पूर्णतः जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते. आणि ती न जुळल्यास शोध शेजारीपाजारी नव्हे, तर ज्यांचे पूर्वज आपल्याच पूर्वजांत मिसळलेले आहेत अशा, बहुधा दूर महाराष्ट्रातील लोकांत घ्यावा लागतो.

सहाव्या गुणसूत्रावरील ही जनुके अशी प्रथिने घडवितात, की जी पेशीच्या अंतरंगातील तुकडे तिच्या पृष्ठभागावर दाखल्यासारखे मांडतात, आणि तो दाखला तपासूनच पहारेकरी टी-पेशी आपपरभावाचा निवाडा करतात. फ्रेंच शास्त्रज्ञ झां दोसे यांनी अशा प्रथिनांतील पहिला प्रतिजन १९५८ साली वर्णिला. आज या जनुकांचे हजारो प्रकार ज्ञात आहेत. उत्तर आफ्रिकेतील बर्बर असोत वा बेटीव्यवहार जातीपुरता राखणारे आपले समाज, रोगराईशी झालेल्या झुंजीचा आणि विवाहसंबंधांच्या हद्दींचा तपशील पेशींच्या या दप्तरात उमटलेला असतो. १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेने महाराष्ट्रातील अनेक समाजांच्या अशा नोंदी केल्या, हे मला फार मोलाचे वाटते.

अस्थिमज्जेच्या दात्याच्या नोंदणीस मात्र गालाच्या आतून फिरविलेला कापसाचा बोळा पुरतो.