रंगमंचाची पायरी : दिव्यांग मुले आणि समूहरंगभूमी

या स्मरणिकेच्या निमित्ताने जुन्या स्नेहसंमेलनांची छायाचित्रे आम्ही पुन्हा पाहिली आणि एक गोष्ट मनाला लागली. कमी दिसणारी, कमी ऐकू येणारी, कुबडीच्या आधाराने चालणारी मुले वसतिगृहात होती, वर्गात होती, पंगतीलाही होती. रंगमंचावर मात्र एकही नव्हते. त्यांना आम्ही पहिल्या रांगेत बसवले होते. सन्मानाच्या नावाखाली आपण त्यांना वगळत होतो, हे उमगायला आम्हांस बरीच वर्षे लागली.

समूहरंगभूमी म्हणजे काय, हे प्रथम पाहू. व्यावसायिक नाटकात संहिता आधी असते आणि तिला शोभेल असा नट नंतर शोधला जातो. समूहरंगभूमीत माणसे आधी येतात, त्यांच्या जगण्यातून प्रसंग उभे राहतात आणि प्रेक्षकही त्याच वस्तीतले असतात. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांनी 'शोषितांची रंगभूमी' मांडताना प्रेक्षकालाच उठून प्रसंग बदलण्याचा अधिकार दिला. आपल्याला हा विचार परका नाही. महात्मा फुले यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले आणि त्यांच्या पाठोपाठ भीमराव कर्डक यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे वस्त्यावस्त्यांत नेले. ज्यांच्यासाठी नाट्यगृहाचे दार उघडले गेले नाही, त्यांनी पटांगणातच आपला रंगमंच मांडला. दिव्यांग मुलांचे नाटक याच परंपरेत बसते.

ही मुले नाटक करू शकतील काय, या शंकेला महाराष्ट्राने कृतीने उत्तर दिले आहे. दिग्दर्शक स्वागत थोरात यांनी १९ दृष्टिहीन कलावंतांसह 'अपूर्व मेघदूत' रंगमंचावर आणले. मेघदूत हे काव्य डोळ्यांना दिसणाऱ्या सृष्टीने ओसंडून वाहणारे. ते दृष्टिहीनांनी साकारले, यातच सारे आले. शासनाच्या राज्य नाट्यस्पर्धांतही दिव्यांग बालनाट्याला स्वतंत्र स्थान मिळाले आहे.

यामागे चमत्कार नसतो, पद्धत असते. दृष्टिहीन मुलांसाठी रंगमंचाच्या कडेला जाड सुतळी किंवा तरटाची पट्टी अंथरतात. पायाला ती लागली की मूल थांबते. पावले मोजून जागा ठरतात आणि सहकाऱ्याच्या आवाजावरून तोंड कोठे वळवायचे ते कळते. कर्णबधिर मुले सांकेतिक भाषेत संवाद म्हणतात. लाकडी फळीवर अनवाणी उभे राहिल्यास ढोलकीचा ठेका त्यांच्या तळव्यांना जाणवतो. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला लांब संवाद पाठ करायला लावू नये. त्याला सहज जमणाऱ्या कृतीभोवती प्रसंग गुंफावा आणि रोज त्याच क्रमाने तालीम घ्यावी. स्वमग्न मुलाला जागा आधी मोकळी असताना दाखवावी, आवाज आणि दिवे सौम्य ठेवावेत, थकल्यावर बसायला शांत कोपरा द्यावा. चाकाच्या खुर्चीवरील मुलासाठी उतार बांधावा. तेही न जमल्यास नाटकच जमिनीवर, गोलात करावे. जलसा तसाच तर होत असे!

खरी अडचण साधनांची नसून मनाची आहे. एका कर्णबधिर विद्यार्थ्याला नाटकात घेण्याचे आम्ही ठरवले, तेव्हा त्याची आई म्हणाली, "सर, त्याला स्टेजवर नका उभं करू. लोक हसतील." आम्ही निरुत्तर झालो, कारण आमच्याच वगात बहिऱ्या म्हाताऱ्याचे पात्र होते आणि त्याच्यावर दरवर्षी हशा पिकत असे. त्या माउलीने तो हशा प्रेक्षकांत बसून ऐकला होता. ते पात्र आम्ही काढून टाकले आणि मगच तिच्याकडे पुन्हा गेलो. तिच्या मुलाने हलगी वाजवली. मध्येच ठेका चुकला. शेजारच्या मित्राने खांद्यावर हात ठेवून तो सावरून दिला. नाटक पुढे चालू राहिले.

अपंगत्व हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे आजही आपल्या घरांत कुजबुजले जाते. याच युक्तिवादाने आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले होते, आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वकर्माची ही कल्पना नाकारली आहे. आपण नाकारलेला न्याय आपल्याच लेकरांना कसा लावावा?

कायदाही या मुलांच्या बाजूने आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ती २१ केली आणि सांस्कृतिक जीवनातील सहभाग हा हक्क मानला. हक्क म्हटल्यावर दयेच्या टाळ्यांचे प्रयोजन उरत नाही. प्रयोग फसला तर तसे सांगावे आणि पुन्हा तालीम घ्यावी. इतर मुलांशी आपण असेच वागतो.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती आहे. येत्या स्नेहसंमेलनासाठी देणगी देताना पडद्याआधी रंगमंचाच्या उताराचा विचार करावा, आणि घरात मागे ठेवलेले मूल तालमीला पाठवावे. पुढच्या स्मरणिकेतील छायाचित्रात ते आम्हांस पहिल्या रांगेत नव्हे, रंगमंचावर पाहायचे आहे.