धवला : प्रतिलेखन व प्रकाशन

षट्खंडागम या दिगंबर जैन सिद्धांतग्रंथावरील धवला टीका मूडबिद्री (कर्नाटक) येथील ताडपत्री पोथ्यांतून अभ्यासकांपर्यंत पोहोचण्याची प्रक्रिया. धरसेनाचार्यांच्या उपदेशानुसार पुष्पदंत व भूतबली यांनी मूळ सूत्रे प्राकृतात रचली. वीरसेनकृत धवला टीका इ. स. ८१६ च्या सुमारास पूर्ण झाली. तिची भाषा प्राकृत-संस्कृतमिश्रित आहे. तिच्या पोथ्या जुन्या कन्नड लिपीत असून दीर्घकाळ त्या केवळ दर्शनापुरत्या उरल्या होत्या. ती लिपी व सिद्धांताची परिभाषा दोन्ही जाणणारे पंडित विरळ झाले होते.

सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी व मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या पुढाकाराने १८९६ मध्ये नकलेस आरंभ झाला. ब्रह्मसूरिशास्त्री व गजपतिशास्त्री यांनी देवनागरी प्रत हाती घेतली; ब्रह्मसूरींच्या निधनानंतर गजपतींनी काम चालू ठेवले. धवला, जयधवला व महाधवला यांच्या नकला पूर्ण होण्यास सु. २६ वर्षे लागली. नकला मात्र मूडबिद्रीबाहेर न्यावयाच्या नव्हत्या.

दरम्यान गजपतिशास्त्रींनी पत्नी लक्ष्मीबाई यांच्या साहाय्याने गुप्तपणे कन्नड लिपीत आणखी एक प्रत तयार केली. ती त्यांनी हिराचंदांपुढे ठेवली. परंतु विश्वासभंगाने मिळालेली प्रत घेणे योग्य नव्हे, म्हणून त्यांनी ती नाकारली. पुढे सहारनपूरच्या लाला जंबूप्रसादांनी ती घेतली. तेथे तिचे नागरी लिप्यंतर झाले आणि लिप्यंतरकारांपैकी सीताराम शास्त्री यांनी स्वतःजवळ ठेवलेल्या नकलेवरून इतरत्र प्रती पसरल्या. अशा रीतीने ज्याच्या ध्यासातून हे कार्य उभे राहिले, त्यानेच नाकारलेल्या मार्गाने ग्रंथ अभ्यासकांच्या हाती आला.

या मार्गाची विद्वत्तेलाही किंमत मोजावी लागली. प्रत्येक लिप्यंतरात अक्षरे बदलली, ओळी गळाल्या. अमरावतीचे हिरालाल जैन यांनी हिंदी अनुवादासह संपादनास हात घातला, तेव्हा मूळ ताडपत्रे त्यांच्यासमोर नव्हती. उपलब्ध नकलांची तुलना करून त्यांना पाठ ठरवावा लागला. पहिला खंड १९३९ मध्ये निघाल्यावर मूडबिद्रीहूनही सहकार्य मिळू लागले व पुढील खंडांसाठी पाठ ताडपत्रांशी ताडून पाहता आले. एकूण सोळा खंड प्रसिद्ध झाले. १९७३ पासून त्यांची सुधारित आवृत्ती सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने काढली.