सोयरिकीच्या वाटेने हक्क: सेनेगलमधील तोस्तान

तोस्तान ही संस्था मॉली मेल्चिंग यांनी १९९१ साली सेनेगलमध्ये स्थापन केली. मूळच्या अमेरिकी असलेल्या मेल्चिंग १९७४पासून तिथेच राहत होत्या. संस्थेचे वर्ग फ्रेंचमध्ये नव्हे, तर वोलोफ, पुलार, मांडिंका अशा गावच्या बोलीत भरत. शिकवणारी व्यक्तीही त्याच समाजातली आणि गावातच मुक्कामाला असे. आधी भर साक्षरता आणि आरोग्यावर होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यात मानवी हक्क अभ्यासक्रमात आले आणि मुलींच्या खतन्याच्या, तोवर घराबाहेर न निघणाऱ्या विषयावर बायका उघडपणे बोलू लागल्या.

३१ जुलै १९९७ रोजी मालिकुंडा बंबारा गावातील स्त्रियांनी ही प्रथा सोडल्याचे पत्रकारांसमोर जाहीर केले. कौतुक झाले, शिव्याही मिळाल्या. पेच नेमका कुठे आहे, हे केर सिंबाराचे इमाम देंबा दियावारा यांनी ओळखले. एकट्या गावाने ठरवून भागत नव्हते. खतना न झालेली मुलगी शेजारच्या गावांनी सून म्हणून नाकारली, तर तिचे लग्न कसे व्हावे? मग दियावारा रोटी-बेटी व्यवहार असलेल्या गावांत पायी फिरले, नातलगांशी बोलले. फेब्रुवारी १९९८मध्ये दियाबुगू येथे १३ गावांनी एकत्र निर्णय जाहीर केला. चीनमधील पाय बांधण्याच्या प्रथेचा अभ्यास करणारे जेरी मॅकी यांनी १९९६मध्ये हेच सूत्र मांडले होते. दियावारांना ते सोयरिकीच्या अनुभवातून उमगले, हे अधिक लक्षणीय.

जानेवारी १९९९मध्ये बंदीचा कायदा आला. तो घाईचा ठरला, असे म्हणण्यास जागा आहे. संवाद पोहोचलाच नव्हता अशा भागांत त्याने विरोध चिघळवला.

जाहीरनामे देणाऱ्या गावांची संख्या पुढे काही हजारांवर गेली. मूल्यमापनांत प्रथा घटलेली दिसली, पण जाहीरनामा दिलेल्या गावांतही ती पूर्ण थांबली नव्हती. १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमधले प्रमाण २००५मध्ये २८ टक्के होते. २०१९मध्ये ते सुमारे २५ टक्के. या आकड्यात जुन्या पिढीच्या स्त्रियाही मोजल्या जात असल्याने तो सावकाशच उतरणार. शिवाय राष्ट्रीय सरासरी फसवी आहे: वोलोफ आणि सेरेर समाजांत ही प्रथा मुळात जवळजवळ नव्हतीच, तर दक्षिणेत आणि ईशान्येच्या नदीखोऱ्यात ती खोल रुजलेली. तिथल्या अनेक कुटुंबांची सोयरीक गांबिया, गिनी, मॉरिटानियापर्यंत पोहोचते. तोस्ताननेही पुढे त्या देशांत वर्ग सुरू केले.