संगणक आपोआप इंटरनेटला जोडला जाऊ नये म्हणून

कापडाची पेढी असो, रंगाऱ्याचा कारखाना असो वा घरातला शिवणकामाचा धंदा, हिशेब-किताबासाठी संगणक आता अनेकांकडे आहे. इंटरनेटसाठी वेगळी जोडणी न घेता पुष्कळ जण मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागवतात. अडचण अशी की, संगणक सुरू होताच तो कुणी न सांगता इंटरनेटला जोडला जातो आणि मालक बेखबर असताना दिवसाचा डेटा संपवून टाकतो. संध्याकाळी ट्रक भरून उभा असतो, 50 हजार रुपयांवरचा माल परराज्यात जायचा असतो, आणि ई-वे बिल काढण्याच्या वेळीच इंटरनेट रखडते. 20 तारखेला जीएसटीचे 3बी विवरण भरताना असे झाले तर विलंब शुल्काचा भुर्दंड वेगळाच.

ही तक्रार नवी नाही. 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारेवरून चाले. संगणक स्वतःच नंबर फिरवी आणि बिल मालकाच्या नावावर चढे. आज टेलिफोनची जागा वाय-फायने घेतली आहे, खोड मात्र तीच आहे.

कारण साधे आहे. एकदा पासवर्ड देऊन जोडणी केली की संगणक ती लक्षात ठेवतो. ‘आपोआप जोडा’ ही खूण बहुधा आधीच केलेली असते. जोडणी होताच विंडोज आपली नवी दुरुस्ती उतरवू लागते, आणि फोटो व फाइली दूरच्या साठ्यात पाठवण्याची सोय चालू असेल तर तेही काम सुरू होते.

विंडोज 11 मध्ये उपाय असे आहेत :

1) सेटिंग्ज उघडून नेटवर्क अँड इंटरनेट, मग वाय-फाय, मग मॅनेज नोन नेटवर्क्स येथे जावे. आपल्या हॉटस्पॉटचे नाव निवडून ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली व्हेन इन रेंज’ समोरील खूण काढावी. यापुढे आपण स्वतः दाबल्याशिवाय जोडणी होणार नाही. कायमची नको असलेली जोडणी ‘फरगेट’ करावी.

2) त्याच ठिकाणी ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करावे. मग जोडणी असतानाही विंडोज बहुतेक मोठ्या दुरुस्त्या आपणहून उतरवत नाही.

3) केबलने इंटरनेट येत असेल तर वरची खूण तेथे मिळत नाही. एअरप्लेन मोडनेही केबल बंद होत नाही. अशा वेळी केबल काढावी, किंवा अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये इथरनेट समोरील ‘डिसेबल’ दाबावे.

4) काम संपताच मोबाईलचा हॉटस्पॉट बंद करावा.

मात्र एक एहतियात जरूर बाळगावी. इंटरनेट तोडले म्हणजे संगणक सुरक्षित झाला, असे नाही. व्हायरस पेन ड्राइव्हमधूनही येतो. शिवाय विंडोजच्या दुरुस्त्या कायमच्या अडवल्या तर संगणक कमकुवत होतो. म्हणून आठवड्यातून एकदा, कामाची घाई नसताना, मीटर्ड बंद करून जोडणी करावी, दुरुस्त्या पूर्ण होऊ द्याव्यात आणि हिशेबाची एक प्रत वेगळी काढून ठेवावी.

दुकानाचे कुलूप कधी उघडायचे हे आपण ठरवतो. संगणकाचे दारही आपल्याच हुकमाने उघडावे, यातच धंद्याचे हित आहे.